सोसायटीच्या बागेतली स्प्रिंकलर-ड्रिप: वर्षाचा करार द्यावा, की बिघडेल तेव्हा फिटर बोलवावा?

अनगोळकर

मंडळी, बेळगाव-खानापूर-निपाणी भागात सोसायटी, शाळा, हॉटेल किंवा कारखान्याचं आवार सांभाळणाऱ्यांसाठी प्रश्न आहे.

आमची सोसायटी अनगोळच्या पुढे. चार इमारती, मध्ये साधारण ९०० चौरस मीटर लॉन, कडेने मेंदीचं कुंपण आणि फुलझाडं. बिल्डरने ताबा देतानाच लॉनला पॉपअप (पाणी सोडलं की जमिनीतून वर उठणारे फवारे) आणि कुंपणाला ड्रिप बसवून दिली होती. सहा झोन (एकेका व्हॉल्व्हवर चालणारे भाग), एक टायमरचा डबा. नकाशा दिला नाही. पाइप कुठून कुठे गेलाय हे त्या वेळच्या प्लंबरलाच ठाऊक, आणि तो आता गोव्यात कामाला आहे.

सध्या तिसरा झोन बंदच होत नाही. चौथा आणि पाचवा उघडत नाहीत. रात्री कुणी पाणी सोडलेलं नसताना मोटर मध्येच सुरू होते, मध्येच थांबते, हेस्कॉमचं बिल वाढलंय ते वेगळंच. एक फिटर येतो, कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारं विजेचं वेटोळं) बदलतो, पैसे घेतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता बाहेरगावच्या एका कंपनीने वर्षाच्या कराराचं कोटेशन दिलंय. कमिटीतले निम्मे म्हणतात सही करा, निम्मे म्हणतात हे सगळं उपटून टाका आणि पाइप धरायला गडी ठेवा. काय करावं?

उद्यमबागचा पाना

सर, कराराचं नंतर बघू. आधी दुखणं काय हाय ते तर कळूदे.

तिसरा झोन बंद होत न्हाई म्हणजे बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या रबरी पडद्याखाली काहीतरी अडकलेलं असतंय. वाळूचा खडा, पीव्हीसीचा कीस, असलं कायतरी. त्या पडद्याला एक बारीक भोक असतंय, त्यातनं पाणी वरच्या बाजूला जातं आणि त्याच दाबानं व्हॉल्व्ह मिटतो. भोक बुजलं की वर दाब होत न्हाई, मग टायमरनं कितीबी बंद म्हटलं तरी पाणी चालूच. चार-सहा स्क्रू काढा, पडदा उचला, स्वच्छ पाण्यात धुवा, फाटलाय का बघा. त्याच्या आधी बाजूचा हवा सोडायचा स्क्रू ढिला न्हाई ना ते बघा. माळ्यानं हातानं पाणी सोडलेलं असतं आणि स्क्रू आवळायचा राहतो, हे आम्ही लई वेळा बघितलंय.

चौथा-पाचवा एकदमच गेले का? एकदम गेले असतील तर कॉइलवर पैसे घालवू नका. दोन कॉइली एका दिवशी मरत न्हाईत. टायमरच्या डब्यातनं त्या झोनची वायर सोडवून मीटरवर ओहम बघा. वीस ते साठच्या मध्ये आलं तर कॉइल आणि वायर दोन्ही ठीक. काहीच दाखवत नसेल तर वायर कुठंतरी तुटलीय. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. माझा अंदाज सांगू? व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये जॉइंटला नुसती काळी टेप गुंडाळली असणार. पावसात चेंबर भरतंय, आत हिरवं गंजतंय. ग्रीस भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर मिळतात, तेच घाला.

मोटरचं सोपं. तिसरा झोन गळतोय म्हणून दाब पडतोय, म्हणून मोटर उठतीय. आधी तो नीट करा. तरीबी उठली तर पंपाजवळचा गेटव्हॉल्व्ह बंद करून गेज बघत बसा. काटा पडला तर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गेलाय. काटा जाग्यावर राहिला तर गळती पुढं जमिनीत हाय.

दुधातला कुंदा

एवढं सगळं करण्यापेक्षा गडी स्वस्त. आमच्या शहापूरच्या बंगल्यात आजही पाइप धरूनच पाणी घालतात, बाग हिरवीगार आहे. या डब्याडुब्यांत फक्त कंपन्यांचं पोट भरतं.

आवारवाली

कुंदाभाऊ, बंगल्याच्या बागेला गडी पुरतो, कबूल. ९०० मीटर लॉनला नाही पुरत. गडी सकाळी नऊला येतो, दहा वाजता पाणी घालायला लागतो, एप्रिलच्या उन्हात त्यातलं बरंच हवेतच जातं. शिवाय पाइप जिथपर्यंत पोचतो तिथे चिखल, पुढे पिवळं. गडी नको असं मी म्हणत नाही, तो लागणारच. पण त्याने झोन चालवून बघायचे, पाइप धरून उभं राहायचं नाही.

सविस्तर रात्री लिहिते, आत्ता ऑडिटवाले आलेत.

रायबागचा ऊस

शहरवाल्यांचं मला नवल वाटतंय. आमच्याकडं दोन-दोन एकरांची ड्रिप हाय, तिला कोण वर्षाचा करार देतंय ओ? फिल्टर आपणच धुतो, लॅटरलचं (ड्रिपच्या बारीक नळीचं) टोक आपणच उघडतो.

अनगोळकर, तुमच्या कुंपणाच्या ड्रिपचं सांगतो. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक नळीची एंड कॅप काढायची आणि पाणी सोडायचं. आधी लाल-काळं येईल, ते नितळ होईस्तोवर सोडायचं. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन गेज असतात. दोन्हीतल्या दाबाचा फरक अर्धा किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर गेला की फिल्टर खोलायचा, वाट बघत बसायचं न्हाई. शेवटच्या ड्रिपरला एक किलोच्या आसपास दाब मिळतोय का बघा. न्हाईतर पहिली झाडं पितात, शेवटची मरतात.

बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर बसतो, त्याला आम्ही ॲसिड देतो. पण सोसायटीत पोरंबाळं असतात म्हणून बजावून सांगतो. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं न्हाई. हातमोजे, चष्मा पाहिजेच. आणि ब्लीचिंग आणि ॲसिड एकाच दिवशी एकाच टाकीत तर स्वप्नातबी न्हाई, विषारी वायू होतो. ज्यानं हे आधी केलेलं न्हाई त्यानं जाणकार माणूस बोलवावा.

खारी आणि उंदरांचंबी बघा. उन्हाळ्यात पाण्याच्या वासानं नळी कुरतडतात. झाडाखाली एका बादलीत पाणी भरून ठेवलं तर नळी वाचते, हा आमचा अनुभव.

अनगोळकर

सगळ्यांचे आभार. पानामामा, चौथा आणि पाचवा एकाच दिवशी गेले, वळवाचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर दिसतोय.

उसवाले दादा, आमच्या फिल्टरला गेज दोन आहेत, पण दोन्हींच्या काचा धुकटल्यात, काटा दिसतच नाही. आणि एक सांगायचं राहिलं. लॉन आणि कुंपण, दोन्हींना एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी जातं. ड्रिपच्या नळ्यांत शेवाळासारखं बुळबुळीत येतंय, ते त्याचंच का?

कोटेशनमधल्या काही ओळी देतो, कंपनीचं नाव देत नाही:
«वर्षातून चार भेटी (दर तीन महिन्यांनी). सर्व हेड्सची तपासणी व समायोजन. कंट्रोलर प्रोग्रॅमिंग. विंटरायझेशन व एअर ब्लो-आउट. स्प्रिंग स्टार्टअप. किरकोळ साहित्य समाविष्ट.»

टिळकवाडी ते तळेगाव

विंटरायझेशन! बेळगावात! 😂

अमेरिकेत-कॅनडात हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथे थंडीच्या आधी कॉम्प्रेसर लावून सगळं पाणी बाहेर काढतात. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे टिळकवाडीत स्वेटर लागतो तेवढंच. कुणाचं तरी तिकडचं माहितीपत्रक उतरवून काढलंय आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेणार. याच ओळीवरून ओळखा की त्यांनी तुमची साइट बघितलेली नाही.

आवारवाली

बसते आता नीट. माझ्याकडे वसतिगृह, मेस आणि खेळाचं मैदान असलेलं एक आवार आहे, कामाचा भाग म्हणून हे करार मी दरवर्षी करते.

आधी एसटीपीचं बघू. शुद्ध केलेल्या पाण्यातही थोडं सेंद्रिय आणि खत राहतंच, त्यावर नळीत जिवाणू आणि शेवाळ वाढतं. ते बुळबुळीत त्याचंच. जाळीच्या फिल्टरवर ते पापडी होऊन बसतं आणि जाळीतून पिळूनही जातं. अशा पाण्याला डिस्क फिल्टर लागतो, १२० मेशचा, म्हणजे साधारण १३० मायक्रॉन. पुढे एसटीपी चालवणाऱ्याशी बोलून शेवटच्या टाकीत क्लोरीन राहतंय का ते बघा. ड्रिपच्या टोकाला थोडं तरी क्लोरीन मिळालं पाहिजे, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

दुसरं, एसटीपीचं पाणी पॉपअपने उडवायचं असेल तर पोरं खेळायला येतात त्या वेळी अजिबात नाही. रात्री दोन ते पाचच्या मध्ये ठेवा. बागेतल्या नळावर «पिण्यास अयोग्य» अशी पाटी हवी, मराठी आणि कन्नड दोन्हीत, शिवाय तोटीला हात लागू नये म्हणून चावीचा नळ. शक्य झालं तर त्या लाइनला जांभळा रंग मारा, पुनर्वापराच्या पाण्याची ती खूण समजतात. आणि कुणी «एसटीपी बंद असेल तेव्हा सोय म्हणून» म्हणत पिण्याच्या लाइनमधून बागेला जोड दिलेला नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा. तसा जोड असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद ठेवून भागत नाही, तो तोडून काढा. व्हॉल्व्ह कधी ना कधी आतून गळतोच, आणि मग बागेचं पाणी स्वयंपाकघरात येतं. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका.

आता करार. दर तीन महिन्यांनी एक भेट हे आपल्या हवेत बसत नाही. बेळगावला वर्षाला बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलैत माणूस येऊन काय तपासणार, छत्री? आमचा करार असा असतो. मृग लागायच्या आत एक भेट: टायमर बंद, फिल्टर खोलून धुऊन कोरडे, चेंबर साफ. दसऱ्याच्या सुमारास मोठी भेट: सगळ्या एंड कॅप उघडून लाइन धुणं, प्रत्येक झोन चालवून बघणं, तुटलेली हेड (पॉपअपची तोंडं) बदलणं. मग फेब्रुवारी ते मे दर महिन्याला. पैसे तेवढेच, भेटी मात्र जिथे लागतात तिथे.

पैसे झोनच्या तक्त्यावर द्या. प्रत्येक भेटीत फिटरने एकेक झोन चालवायचा, दाब लिहायचा, किती हेड, किती वाकडी, काय बदललं ते लिहायचं. खाली माळ्याची सही. तक्ता नाही तर बिल नाही. आमचा माळी बैलहोंगलचा, त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून तक्ता कन्नडमध्ये छापला. तेव्हापासून तो फिटरच्या मागे मागे फिरतो आणि चुकलेलं दाखवतो. आधी नुसता अंगठा दिल्यासारखी सही करायचा.

«किरकोळ साहित्य समाविष्ट» ही ओळ खोडाच. किरकोळ म्हणजे काय हे भांडण झाल्यावरच कळतं. नोझल, पडदा, कनेक्टर, एंड कॅप, १६ मिलिमीटरची नळी आणि तिचे जोड आत, असं नावानिशी लिहून घ्या. कॉइल, पूर्ण व्हॉल्व्ह, टायमर, मोटर बाहेर, पण त्यांचे दर आत्ताच ठरवा. १८ टक्के जीएसटी दरात धरलाय की वरून, तेही. मुख्य पाइप फुटला तर त्याच दिवशी माणूस, एखादं हेड तुटलं तर आठवड्यात, असं दोन वेगळ्या ओळींत हवं. लॉन कापणाऱ्याच्या मशिनने हेड उडवलं तर भरपाई कुणी द्यायची हेसुद्धा. सगळ्यात जास्त हेड तीच मशिन खाते.

आणि पहिल्या भेटीचं काम एकच: नकाशा. वायर शोधायचं यंत्र घेऊन सगळे चेंबर आणि मुख्य पाइप कागदावर. तो कागद सोसायटीचा, कंपनीचा नाही. उद्या कंपनी बदलली तरी तुमच्याकडे राहिला पाहिजे.

रायबागचा ऊस

ताईंनी सगळंच सांगितलं. माझा मुद्दा मागं घेत न्हाई, पण एसटीपीचं पाणी आमच्याकडं नसतं, ते वेगळं दुखणं हाय हे मान्य.

यळ्ळूरकर

दुरुस्तीचं झालं, पण पाणी किती लागतं हे कुणी विचारलंच नाही. अनगोळकर, तुमचे पॉपअप स्प्रे आहेत की फिरणारे रोटर? आणि टायमर किती मिनिटांवर आहे?

अनगोळकर

सगळे स्प्रे. प्रत्येक झोन अर्धा तास, रोज. बिल्डरच्या माणसाने लावलं तेव्हापासून तेच.

यळ्ळूरकर

तर हिशेब करू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण ५ मिलिमीटर पुरतं. तुमच्या ९०० मीटरला म्हणजे ४,५०० लिटर. साधा स्प्रे तासाला ३५ ते ४० मिलिमीटर टाकतो. ३८ धरा. अर्ध्या तासात झाले १९ मिलिमीटर, म्हणजे १७,१०० लिटर. जवळजवळ चौपट. रोटर असते तर गोष्ट वेगळी, ते तासाला १०-१५ मिलिमीटरच टाकतात. म्हणून एकाच व्हॉल्व्हवर स्प्रे आणि रोटर कधी बसवू नयेत, एकाला पुरेपर्यंत दुसरा बुडतो.

माझे आकडे पुस्तकी आहेत, तुमच्या दाबावर बदलतील. म्हणून मोजा. सरळ तळाचे, एकाच मापाचे दहा-बारा डबे घ्या, लॉनवर विखरून ठेवा, झोन पंधरा मिनिटं चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी घालून किती मिलिमीटर पाणी साचलं ते बघा. एका डब्यात ४ आणि दुसऱ्यात १४ आलं तर टायमरची वेळ बदलून उपयोग नाही. आधी हेड सरळ करा, नोझल साफ करा, दाब बघा. स्प्रेला दोन किलोच्या आसपास दाब हवा. जास्त झाला की पाण्याचं धुकं होतं आणि वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या गाडीवर जातं.

या हिशेबाने ५ मिलिमीटरला आठ मिनिटं पुरतात. पण अनगोळकडची तांबडी जमीन उताराची असेल तर ती आठ मिनिटंसुद्धा सलग नको. चार मिनिटं, मग अर्धा तास थांबा, पुन्हा चार. नाहीतर गटारीला पाणी. आमच्या यळ्ळूर-वडगावच्या काळ्या जमिनीत उलटं दुखणं: पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात भेगा पडून पाइपचे जॉइंट ओढले जातात. तिथे वर्षातून एकदा तरी दाब देऊन लाइन तपासायला हवी.

टिळकवाडी ते तळेगाव

हा हिशेब प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर लावायला हवा. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळूरला पाणी मंडळाने बागेला आणि गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचा आधार आहे, पण मे महिन्यात राकसकोपची पातळी किती खाली जाते हे शहरात सगळ्यांना माहीत आहे. एसटीपीचं पाणी बागेला घालणाऱ्या सोसायट्या त्या दिवशी निवांत असतील.

दुधातला कुंदा

चौपट पाणी? मग माझ्या गड्यानेही तेवढंच घातलं असेल म्हणा. डबे ठेवून बघतो.

अनगोळकर

मंडळी, पुढची बातमी.

पानामामांनी ओळखीचा एक फिटर दिला (व्यनिबद्दल, म्हणजे खासगी निरोपाबद्दल, आभार). तिसऱ्या झोनच्या पडद्याखाली पीव्हीसीचा एक वाकडा कीस निघाला, नखाएवढा. बांधकामाच्या वेळी पाइप करवतीने कापला तेव्हाचाच असावा असं तो म्हणाला. चौथ्या-पाचव्याचा कॉमन (दोन्हींच्या सामाईक) वायरचा जॉइंट टेपेखाली पूर्ण हिरवा झाला होता. नवे कनेक्टर घातले, दोन्ही सुरू. रात्री मोटर उठणंही थांबलं. गेज बदलले. फिल्टरच्या दोन्ही बाजूंत दीड किलोचा फरक होता.

डब्यांच्या मोजणीत पंधरा मिनिटांत ६ ते १३ मिलिमीटर आलं. सरासरी ९ धरली तरी अर्ध्या तासाला १८. यळ्ळूरकरांचा पुस्तकी आकडा फार लांब नव्हता. हेड सरळ केली, आता दोन टप्प्यांत मिळून नऊ मिनिटं ठेवलंय. लॉन अजून तरी हिरवं आहे, एका कोपऱ्यात पिवळेपणा आहे तिथलं नोझल बदलायचंय.

कमिटीत ठरलं ते असं. त्या कंपनीला आवारवाली ताईंच्या मुद्द्यांवर नवीन कोटेशन मागितलं. दर चौथ्या भागाने कमी झाला आणि विंटरायझेशन गायब झालं. नकाशाचे मात्र वेगळे पैसे मागतात, द्यावेत का? डिस्क फिल्टरचा खर्चही सोसायटीचाच.

आवारवाली

नकाशाचे द्या, एकदाच लागतात. फक्त अट घाला की नकाशा हातात आल्यावरच पहिला हप्ता. डिस्क फिल्टर तुम्ही स्वतः विकत घ्या, बिल आणि वॉरंटी सोसायटीच्या नावावर राहू दे.

पिण्याच्या लाइनचा जोड बघितला का? त्याचं उत्तर दिलं नाहीत.

अनगोळकर

बघितला. होता. पंपघराच्या मागे, अर्धा इंची, व्हॉल्व्ह बंद. काल तोडून दोन्ही तोंडांना कॅप मारली. टाकीचं पाणी तपासायला दिलंय.

उद्यमबागचा पाना

झ्याक. आता एकच. वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की टायमरचा प्लग काढून ठेवायला माळ्याला सांगा. ट्रान्सफॉर्मर जळला तर तो कुठल्याच करारात बसत न्हाई. आणि प्लग परत घातल्यावर घड्याळ बरोबर हाय का बघा. आत बॅटरी मेलेली असली की वेळ बारापासनं सुरू होते, आणि दुपारी पोरं खेळताना पॉपअप उठतात.

दुधातला कुंदा

मामा, तो फिटर बंगल्यातलं काम करतो का? व्यनि करा.